मागच्या फळीवर

लुथुली अव्हेन्यूवर, जिन्याच्या वळणाखाली माझं दुकान.
डावीकडे रेडिओ दुरुस्तीवाला, उजवीकडे सिमकार्डं,
मधे मी, आणि कपाटात
एकदा विकले गेलेले, पुन्हा विकायचे डोळे.

बोसिबोरी रात्रीच्या बसने आली, किसीहून.
पिशवीत दूधपावडरचा डबा,
डब्यात अठ्ठावन्न हजार शिलिंग,
बरेचसे चुरगळलेल्या पन्नासाच्या नोटांत.
तिने दोनदा मोजले.
माझा विश्वास बसला होता, तरी मीही मोजले.

तिचा कॅमेरा हातात घेतला.
पकडीवरचं रबर गेलेलं,
तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा डकवलेला.
दोन लाख क्लिक पोटात घेऊन बसलेलं ते शटर
दमेकऱ्यासारखं आधी खोकायचं, मग उघडायचं.
पुढचं भिंग कॅमेऱ्याबरोबर फुकट येतं ते,
प्लॅस्टिकच्या गळ्याचं.

"बाबा, एवढ्यात काय येईल?"

तीस वर्षं सांगत आलोय तेच सांगितलं:
पोरी, भिंग घे.
बॉडी म्हणजे तुमच्या किसीची केळी,
आज पिवळी, परवा डाग.
काच टिकते. काच मुलीलाही देता येते.
दोन्ही घ्यायला तुझा डबा लहान आहे.

मग मी ते पंच्याऐंशीचं काढलं,
माझ्या कपाटातलं सगळ्यात जड,
आणि तिच्या त्या खोकणाऱ्या डब्याला लावून दिलं.
ती दारात गेली.
रस्त्यापलीकडे एक हमाल, डोक्यावर टीव्हीचं खोकं.
मागची गर्दी, मटाटू, पाट्या, सगळं
तव्यावरच्या लोण्यासारखं पसरून गेलं
आणि उरला तो एकटा,
त्याच्या कानामागची पेन्सिलसुद्धा.

बराच वेळ ती मागच्या पडद्याकडे बघत राहिली.
"आमचे आजोबा टबाकात दगड घासतात," म्हणाली,
"पापण्यांवर भुकटी बसते.
माझ्या फोटोत ती दिसत नाही. माणूस नुसता पांढरा दिसतो."

झालं, गिऱ्हाईक पटलं.
मी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सरळ केला.

तिने भिंग काढलं.
झाकण लावलं, दोन्ही बाजूंनी, नीट.

"मार्चमध्ये सुनेकाला एक मयत होतं.
ओमारिबा मास्तरांची आई.
धाकटा मुलगा दोहाहून आला, विमान चुकलेलं,
पेटी बंद झाल्यावर पोचला.
त्याने मूठभर माती उचलली,
मी बटण दाबलं,
आणि शटर अडकलं.
पुन्हा दाबेपर्यंत त्याची मूठ रिकामी होती."

मी काही बोललो नाही.
वर कोणीतरी रेडिओचं स्टेशन शोधत होतं.

"माती पुन्हा टाक, असं कुणाला सांगता येतं का, बाबा?
त्यांनी पैसे पूर्ण दिले. एक शिलिंगही कापला नाही.
कापले असते तर बरं झालं असतं."

तिने बॉडी घेतली.
छप्पन हजारांची, एका हाताने वापरलेली, शटर खणखणीत.
मी एक बॅटरी वरून दिली
आणि तीस वर्षांचं शहाणपण खिशात घातलं.
ते फुकट येणारं भिंग तिने नव्या अंगावर चढवलं,
नव्या सदऱ्याला जुनीच गुंडी,
आणि कपाटाकडे मान न वळवता जिना उतरली.
परतीच्या बसपुरते उरले होते,
वाटेत चहा घेतला नाही तर.

ते पंच्याऐंशीचं आता मागच्या फळीवर आहे,
किमतीची चिठ्ठी भिंतीकडे करून.
या आठवड्यात दोघांनी विचारलं.
एक तर लग्नाचे फोटो काढणारा, रोख घेऊन आला होता.
आत बुरशी आहे, म्हणालो.